मला न दिसलेला गुलाबी

बी.एस्सी.ला मी केमिस्ट्री घेतली ती केमिस्ट्रीच्या ओढीनं नव्हे. माझे बाबा रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क, मूळचे वर्ध्याकडचे. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या बदल्यांचे कागद पुढे सरकवून त्यांचं एक पक्कं मत झालं होतं, की रेल्वेत खरा माणूस एकच, स्टेशन मास्तर. "कोणतंबी ग्रॅज्युएशन कर पोट्ट्या, पण कर. मग परीक्षा दे. आपल्या घरात एक तरी मास्तर पाह्यजे," असं ते म्हणायचे. कोणतंही म्हणाले खरे, पण मी बी.ए.चं नाव काढल्यावर दोन वेळचं जेवण गप्प बसून जेवले. मग सायन्सच ठरलं.

माझी शाळा हिंदी माध्यमाची. रायपुरातल्या मराठी घरांत हे नेहमीचंच आहे. आई मराठीत विचारते, पोरगं हिंदीत उत्तर देतं, दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. कॉलेजात मात्र पुस्तकं इंग्रजी निघाली आणि पहिल्या आठवड्यातच माझी दांडी गुल झाली. बाबा म्हणाले, "आण इकडे, मी शिकवतो. केमिस्ट्री आम्ही बी शिकलो."

ते शिकले होते मराठी शाळेत. पुस्तक मांडीवर घेऊन त्यांनी सुरुवात केली, "हे पाह्य, सगळ्यात लहान तो अणू. अणूले अणू जुळला की झाला रेणू."

मी म्हणालो, "नाही बाबा. परमाणुला परमाणु जुळला की अणु."

"अबे, मी अणूच तर म्हणून राह्यलो!"

"तुमचा अणू वेगळा. आमचा अणु म्हणजे मॉलिक्यूल."

"काहून? विदर्भातून रायपूरले आला की अणू मोठा होते का?"

गंमत अशी की दोघंही बरोबर होतो. मराठीत ज्याला अणू म्हणतात त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि हिंदीतला अणु म्हणजे मराठीतला रेणू. पण हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार? वाद जेवणापर्यंत चालला. शेवटी आई म्हणाली, "जो कोणी असेल तो, त्याले बाजूले ठेवा आणि ताट उचला." टेस्टमध्ये उत्तरं हिंदीत चालायची; पहिल्याच टेस्टमध्ये मी बाबांचा अणू लिहिला आणि सरांनी त्याच्यावर आडवी रेघ मारली. त्यानंतर बाबांनी शिकवणं थांबवलं, पण माघार घेतली नाही. पुस्तकच चुकीचं आहे असं ते अजून म्हणतात.

थिअरी हळूहळू जमायला लागली. खरी गोची प्रॅक्टिकलला झाली.

लॅबमध्ये दोघांना मिळून एक जागा मिळायची. माझी पार्टनर होती धमतरीची एक मुलगी, हॉस्टेलवर राहणारी, भराभर बोलणारी आणि बोलता बोलता छत्तीसगढीत शिरणारी. हो म्हणायचं असलं की ती "हव" म्हणायची आणि नाही म्हणायचं असलं की नुसती बघायची. पहिला प्रयोग टायट्रेशनचा. स्टँडला एक लांब काचेची नळी उभी लावलेली असते, ती ब्युरेट. तिच्यात अल्कली भरायचं आणि खाली फ्लास्कमध्ये ॲसिड ठेवायचं. ॲसिडमध्ये इंडिकेटरचे थेंब टाकले की ते पाण्यासारखंच दिसतं. मग वरची तोटी किंचित उघडून थेंब थेंब अल्कली सोडत जायचं. ज्या थेंबाला फ्लास्कमधलं पाणी फिकट गुलाबी होईल आणि हलवूनही तसंच राहील, तिथे तोटी बंद करून वाचन घ्यायचं. बस, एवढंच.

मी तोटी उघडली. फ्लास्क हलवत राहिलो. पाणी पाण्यासारखंच.

"रुक!" पार्टनर ओरडली. "अरे रुक ना! हो गया!"

"कहाँ हुआ?"

"कब का हो गया. तूने तो शरबत बना दिया!"

मी फ्लास्क खिडकीकडे धरला. खूप निरखल्यावर त्यात काहीतरी मळकट असल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, हे रूह-अफजा आहे, मी म्हणालो, असेल. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. तिची वाचनं एकमेकांशी जुळायची. माझी प्रत्येक वेळी पुढे गेलेली. मॅडम आमच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "ध्यान कहाँ रहता है तुम्हारा?" ध्यान तर तिथेच होतं. त्या फ्लास्ककडे माझ्याएवढं डोळे फाडून त्या लॅबमध्ये कुणी बघत नसेल.

मग आला ज्योतीचा प्रयोग. तारेच्या टोकाला सॉल्ट लावून बर्नरच्या ज्योतीत धरायचं. कॅल्शियम असेल तर ज्योत विटेसारखी लाल होते, बेरियम असेल तर कच्च्या सफरचंदासारखी हिरवी. मला दोन्ही वेळा तीच ज्योत दिसली, पिवळट, जराशी भडकलेली. मला खरोखर वाटलं होतं की पुस्तक लिहिणाऱ्यांना थोडं सजवून लिहायची सवय असते, आणि बाकीचे लोक पाठ करून बोलतात. मीसुद्धा पाठ करून "सेब जैसा हरा" म्हणालो. पार्टनर नुसती बघत राहिली. म्हणजे नाही.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिनं आपल्या ओढणीचं टोक माझ्यापुढे धरलं. "बता, बूटे किस रंग के हैं?"

"कौन से बूटे?"

ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी चेष्टा करत नाहीये. ओढणी हिरवी होती, तिच्यावर लाल बुट्टे होते, चांगले ठसठशीत. मला एक सपाट कापड दिसत होतं. तिनं माझं बोट धरून एका बुट्ट्यावर ठेवलं, तेव्हा दोऱ्याचा उठाव हाताला लागला. "डॉक्टर को दिखा," ती म्हणाली. या वेळी आवाजात घाई नव्हती.

घरी सांगितल्यावर आईला एकेक आठवायला लागलं. लहानपणी मी झाडाची पानं तपकिरी रंगवायचो. बाजारातून टमाटे आणायला पाठवलं की निम्मे कच्चे यायचे. "मले वाटे तू आळस करतो, बिना पाहता भरतो," ती म्हणाली आणि मला घेऊन समता कॉलनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाली.

डॉक्टरांनी एक पुस्तक उघडलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांचं गोल वर्तुळ, आणि म्हणे त्या ठिपक्यांत आकडा लपलेला. पहिल्या पानावरचा मला दिसला. पुढच्या पानांवर ठिपकेच ठिपके. आई माझ्या मागे उभी होती. तिला राहवेना. "बारकाईनं पाह्य ना! सहा आहे, सहा!"

"माताजी, आप मत बताइए," डॉक्टर म्हणाले.

पुस्तक मिटून त्यांनी समजावलं. हे जन्मापासूनचं आहे, लाल आणि हिरवा या रंगांतला फरक मला नीट कळत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही, वाढणारही नाही. ड्रायव्हर, स्टेशन मास्तर अशी सिग्नलशी संबंध असलेली नोकरी मात्र मिळणार नाही. मग आईला म्हणाले, "ये माँ की तरफ से आता है. माँ को सब दिखता है, बेटे को नहीं दिखता. आपके मायके में किसी को है? भाई को?"

"भावाले?" आई जवळजवळ भांडायला उठली. "डॉक्टरसाहब, मेरे भाई का तो मॅचिंग सेंटर है!"

"फिर भी पूछ लीजिए," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर आईनं ऑटो केला. चौबे कॉलनीत आमच्या घरी पोचल्यावर बाबांना सगळं मी सांगितलं, कारण ती सांगेना.

"चष्म्यानं नाही होत?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"अन् रेल्वेच्या मेडिकलमध्ये...?"

"नाही बाबा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं."

"बरं," बाबा म्हणाले. उठून बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायला गेले. पाणी त्यांनी सकाळीच घातलं होतं.

मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी. स्वतःसाठी तितकंसं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. इतके आठवडे मी स्वतःला मठ्ठ समजत होतो.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन तात्यापाऱ्यात मामांच्या दुकानात गेली. आईचं माहेर तिथलंच, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं. मामांचं मॅचिंग सेंटर म्हणजे ब्लाउजपीस, परकर, साडीचे फॉल. बायका साडी घेऊन येतात आणि तिच्या रंगाला जुळेल ते कापड मागतात. मामा गल्ल्यावर बसायचे. कुणी साडी पुढे केली की तिकडे न बघता म्हणायचे, "दीदी, उधर बताइए," आणि मामींना हाक मारायचे. गिऱ्हाइकापुढे कापडाला ते हात लावायचे नाहीत. घरात सगळे म्हणायचे, साहेब आहे आमचा भाऊ, बसल्या जागेवरून दुकान चालवतो. बाबा तर त्यांना एका वेगळ्याच कारणावरून बोल लावायचे. मामा तरुणपणी रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तरची लेखी परीक्षा पास झाले होते आणि घरी येऊन म्हणाले होते, मला ही नोकरी करायची नाही. "हातात आलेलं स्टेशन सोडलं यानं," हे वाक्य बाबा दर सणाला एकदा तरी म्हणायचेच.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आईनं सरळ विचारलं, "दादा, तुले लाल-हिरवा रंग दिसते का?"

मामींच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी मामांकडे पाहिलं आणि एकदम हसायला लागल्या. मामा समोरच्या ताग्याची घडी करत राहिले. झालेली घडी त्यांनी उलगडून पुन्हा केली.

"कोण म्हणलं?"

"डॉक्टर. या पोट्ट्याले नाही दिसत. म्हणे मामाले विचारा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग तागा बाजूला ठेवून म्हणाले, "मेडिकलमध्ये मले बी तेच टिकल्याटिकल्यांचं पुस्तक दाखवलं होतं. आपल्या बाबूजींले काय सांगू? म्हणलं, मलेच नाही करायची नौकरी. संपला विषय."

"आणि आम्ही सगळे तुले आळशी म्हणत राहिलो!"

"आळशी चालते. डोळ्यात दोष आहे म्हटलं असतं तर लग्न जमलं नसतं."

"मले तर सांगितलं होतं यांनी," मामी म्हणाल्या. "पाहायले आले तेव्हाच. म्हणे, मी मॅचिंगचं दुकान टाकून राहिलो, पण मले रंग समजत नाही, तुलेच पाहावं लागेल. मी घरी जाऊन आईले म्हणलं, पोरगा खरं बोलते."

"मग मॅचिंगचंच दुकान काहून टाकलं?" आईनं विचारलं.

"जागा छोटी होती," मामा म्हणाले. "साडीचं बसलं नसतं."

फळ्यांच्या कडांवर रंगांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आम्हाला आजवर वाटायचं त्या गिऱ्हाइकांसाठी आहेत. आता मामींनी एक कापड ओढून आमच्या दोघांपुढे टाकलं. "सांगा, कोणता?"

"खाकी," मी म्हणालो.

"खाकीच आहे," मामा म्हणाले.

"दोघंबी नापास! गाजरी आहे," मामी म्हणाल्या आणि दुसरं टाकलं. त्यावरही आम्ही दोघं एकच चुकीचं उत्तर देऊन बसलो. मामी आणि आई हसून हसून स्टुलावर बसल्या. मला मात्र इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. मला जे दिसतं ते जसंच्या तसं बघणारा आणखी एक माणूस जगात होता, आणि तो माझा मामा होता. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते ज्योतीत पाह्यचं काय आहे तुमचं?"

"बेरियम. हिरवं दिसते म्हणे."

"दिसू दे त्याइले," मामा म्हणाले.

लॅबमध्ये मॅडमना सांगायचं होतं. पार्टनरनं मला त्यांच्या टेबलापर्यंत जवळजवळ ढकलत नेलं. मॅडमनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "देखो, परीक्षा में पार्टनर नहीं मिलेगा. मुझे बूँद चाहिए. कौन सी बूँद, बस. तुम्हें कैसे पता चला, वो तुम्हारा सिरदर्द."

ते सिरदर्द घेऊन मी दोन-तीन आठवडे फिरलो. फ्लास्क उन्हात धरून बघितला, काळ्या कागदावर ठेवून बघितला, डोळे बारीक करून बघितला. वरच्या वर्गाच्या लॅबमध्ये पीएच मीटर होता, तो आकडा दाखवायचा, पण पहिल्या वर्षाच्या परीक्षेत तो मिळणार नव्हता. मग एके दिवशी पार्टनरनं पंख्याच्या वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून आपल्या फाइलचं प्लास्टिकचं कव्हर स्टँडला टेकवून ठेवलं होतं. पारदर्शक कव्हर. ती टायट्रेशन करत होती, मी पलीकडून कव्हरमधूनच बघत होतो. बघता बघता फ्लास्कमधलं पाणी जरा काळवंडलं.

"बस!" मी म्हणालो.

तिनं त्याच वेळी तोटी बंद केली होती. ती फ्लास्ककडे बघायला लागली, मग माझ्याकडे. "तुझे दिखा?"

"रंग नाही दिसला. काळं झालं."

"फिर से करते हैं," ती म्हणाली. पुन्हा केलं, या वेळी तोटी माझ्या हातात. शेजारी तुलनेसाठी साध्या पाण्याचा एक फ्लास्क ठेवला. पुन्हा तेच, एका थेंबाला फरक पडला आणि मी थांबलो. वाचन तिच्या वाचनाशी जुळलं. मी विचारलं, हे कव्हर कोणत्या रंगाचं आहे? "हरा," ती म्हणाली. तिनं कव्हर हातात घेऊन माझ्या नाकापुढे नाचवलं. "हरा, हरा, हरा!"

मॅडमना बोलावलं. त्यांनी वाकून कव्हरमधून बघितलं आणि सांगितलं की गुलाबी पाणी हिरवा उजेड अडवतं. कव्हरमधून फक्त हिरवाच उजेड येतो, म्हणून पाणी गडद दिसतं. ज्याला गुलाबी दिसत नाही त्यालाही अंधार तर दिसतोच. त्यांनी दुसऱ्या टेबलावरच्या पोरांनाही बोलावून दाखवलं. मला शाबासकी दिली नाही, पण "ध्यान कहाँ रहता है" हे विचारणं बंद केलं.

सॉल्ट ओळखण्यात मात्र कव्हर पुरेसं पडेना. तिथे मी नाकाचा आधार घेतला. कुजलेल्या अंड्याचा वास आला की सल्फाइड, व्हिनेगरचा आला की ॲसिटेट, डोळ्यांत पाणी आलं की अमोनिया. त्यात मी पार्टनरच्या पुढे होतो.

इकडे घरी आईनं बाबांना मामांची गोष्ट सांगितली.  दिवाळीच्या आधीच्या रविवारी आईची एक साडी पिशवीत घालून ते एकटेच तात्यापाऱ्यात गेले. मामी तिथे होत्या. त्यांनी साडीला हात घातला, तर बाबा म्हणाले, "तुम्ही नका. त्याइले काढू द्या." मामा नाही नाही म्हणत राहिले. बाबा हटले नाहीत. शेवटी मामांनी साडी उंबऱ्याजवळ उजेडात नेली, बराच वेळ बघितली आणि फळीवरची चिठ्ठी न वाचता एक कापड काढून दिलं. बाबांनी ते निमूट पिशवीत टाकलं, वर चहा पिऊन आले.

आईनं घरी पिशवी उघडली. साडी होती आमसुली, आणि ब्लाउजपीस मेंदीच्या रंगाचा.

"हे कोणी काढलं?"

"तुझ्या भावानं."

"तुम्हाले दिसलं नाही?"

"दिसलं ना," बाबा म्हणाले. "चांगलं काढलं त्यानं."

आईनं तो ब्लाउज शिवला आणि भाऊबिजेला त्याच साडीवर घातला. मामा तबकापुढे बसले होते. मामींनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मामांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी अनारसा उचलला. त्या सणाला स्टेशनचा विषय निघाला नाही, आणि नंतरही कधी निघाला नाही.

वर्षाअखेरीस प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. बाहेरून एक परीक्षक आले होते, टक्कल असलेले, भारी आवाजाचे. मी फ्लास्कपुढे कव्हर उभं केलेलं बघून ते माझ्याच टेबलाशी थांबले. "ये क्या टोना-टोटका है?"

 मॅडम लांबून बघत होत्या, पण जवळ आल्या नाहीत. मी सांगायला सुरुवात केली. आधी अडखळलो, मग हिरवा उजेड, गुलाबी पाणी, सगळं नीट बाहेर पडलं. "करके दिखाओ," ते म्हणाले. त्यांच्यासमोर मी थेंब थेंब सोडत गेलो आणि एका थेंबाला तोटी बंद केली. त्यांनी कव्हर बाजूला सारून फ्लास्क वर उचलला. "हल्का गुलाबी," ते म्हणाले. "हल्का ही है." मग कव्हर उचलून घेऊन गेले आणि पुढच्या टेबलांवरचे फ्लास्क त्यातून बघत हिंडायला लागले. मला ते परत मागायला लागलं, कारण माझं एक वाचन बाकी होतं.

सॉल्टमध्ये मी कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम लिहून आलो. दोन्ही लाल ज्योती. हे बाहेर आल्यावर सांगितलं तेव्हा पार्टनर म्हणाली, "उसमें तो मैं भी गड़बड़ाई." कॉलेजच्या फाटकाबाहेर गुपचुपचा ठेला लागतो, रायपुरात पाणीपुरीला गुपचुप म्हणतात. तिथे आम्ही तिखट पाणी जास्त मागून गुपचुप खाल्ले आणि ती धमतरीची बस पकडायला निघून गेली.

निकालात प्रॅक्टिकलचे मार्क ठीकठाक आले, वर्गात पहिले वगैरे काही नाही. पुढे काय घ्यायचं हे बाबांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, केमिस्ट्री. ते म्हणाले, "घे."

आता मी रायपुरातच एका लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासतो. बहुतेक सगळं मशीन सांगतं, आकड्यांत. रंग बघून ठरवायच्या एखाद-दोन टेस्ट असतात, त्या शेजारच्या टेबलावरची दीदी करते. तिला टायपिंगचा कंटाळा आहे, म्हणून तिचे रिपोर्ट मी टाइप करून देतो.